दोरे बांधलेले पेले

सोलापूर, ता. ५ जून १९२८

चि. हरिबा,

आईचा आशीर्वाद घे. पाळकसाहेबांना लिहिलेल्या पत्राखाली तू ‘हॅरी’ अशी सही केलीस, ती त्यांनी मला दाखवली. हॅरीला माझा आशीर्वाद चालत असेल तर त्यालाही थोडा दे.

तू पाठवलेली पेटी पोचली. स्टेशनपासून ज्ञानबा पाळक ती टांग्यात मांडीवर धरून घेऊन आले. बाळंतिणीचं मूल आणावं तशी जपून आणली. आत इतका लाकडाचा भुसा होता की तीन वर्षांत तू मला लिहिलेली सगळी पत्रं त्यापुढे कमी भरतील. भुसा काढला तर खाली चकचकीत तबक, तबकाला भोकं, आणि प्रत्येक भोकात बसणारा एकेक काचेचा पेला, अंगठ्याएवढा, खाली इवलीशी दांडी. प्रवासात दोन फुटले. पाळकसाहेबांनी चर्चमध्ये, आपला डॉक्टरी शिकणारा हरिबा लिहितो म्हणून, तुझं पत्र मराठी करून वाचून दाखवलं. अमेरिकेत आता सगळ्या सुधारलेल्या मंडळ्यांतून प्रभुभोजनाला प्रत्येकाचा पेला वेगळा असतो, एकाच पेल्याला सगळ्यांनी तोंड लावणं हे अडाणीपणाचं आणि रोगाला आमंत्रण आहे, असं तू लिहिलंस. सगळ्यांनी माना डोलावल्या. मिसबाई तर म्हणाल्या, त्यांच्या लहानपणीच्या गावातसुद्धा हे सुरू झालं आहे. गोऱ्या माणसाच्या लहानपणच्या गावात सुरू झालेलं इथं कोण नाकारणार?

एक मायाक्का तेवढी बोलली. आपल्या मंडळीत तिच्याएवढं म्हातारं आता कोणी राहिलं नाही, तेव्हा तिला कोणी गप्प बसवत नाही. पहिल्या रविवारी तबक तिच्यापुढे गेलं तशी मोठ्यानं म्हणाली, “आजारी हाय व्हय मी? औषिद कशापायी पाजताय?” पोरं हसली. तिने घेतलं मात्र.

मनुका अजून मीच भिजत घालते. आदल्या संध्याकाळी भिजवायच्या, सकाळी कुस्करून फडक्यातून गाळायच्या. पूर्वी तो रस एका पेल्यात ओतला की काम झालं. आता एकेक पेला भरण्यात सकाळ जाते, आणि धुवायला बसले की उपासना संपून लोक घरी जेवून झोपलेले असतात. सुधारणा म्हणतात ती कुणाच्या तरी खांद्यावर बसूनच गावात येते, हे मी शिकले.

तू हे का केलंस ते मला ठाऊक आहे. अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत, त्या रविवारी, तुझ्या वडिलांच्या आधी ज्याने पेल्याला तोंड लावलं तो बुधवारी गेला आणि तुझे वडील शनिवारी. तू चौदा वर्षांचा होतास. मूठमाती देताना म्हणालास, “पेल्यानं मारलं.” त्यानंतर तू पेल्याला शिवला नाहीस. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. पेल्याच्या वाऱ्यालाही न गेलेले कितीतरी त्या महिन्यात मेले, एवढंच म्हणते.

पण तू जन्मापासून ख्रिस्ती, म्हणून तुला एक माहीत नाही. मी जेऊरच्या पलीकडच्या धनगरवाड्यातली. छपन्नच्या दुष्काळात, तुमच्या इंग्रजी हिशेबाने १८९९-१९०० साली, आधी मेंढरं मेली, मग माणसं. मला मिशनच्या अनाथगृहात आणून टाकलं. बाप्तिस्मा झाला, पण ते पाणी डोक्यावरून आलं आणि मानेवरून ओघळून गेलं. पुढे पहिल्या प्रभुभोजनाला बसले तेव्हा बाकावर माझ्या आधी मायाक्का होती. जन्माने मांग. तिने पिऊन पेला माझ्या हातात दिला आणि मी तो मांडीवरच धरून बसले. आईबाप मेले तरी उष्ट्याची शिकवण माझ्यात जिवंत होती. मायाक्का हळूच म्हणाली, “पी की गं. माजं त्वांड काय जळतंय व्हय?” मी प्यायले. मी ख्रिस्ती झाले ती त्या घोटाला.

तो दोन कानांचा जर्मन सिल्व्हरचा पेला मी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला आहे.

गौरम्मा बरी आहे. थोडा खोकला आहे. यंदा धूळ फार. तुझी बायको म्हणून नव्हे, पण सून म्हणून मला तिच्यात काही खोट काढता येत नाही. तिला निराळं पत्र लिही.

तुझी आई,
केराबाई


सोलापूर, ता. ७ ऑगस्ट १९२८

चि. हरिबा,

मागच्या पत्रात गौरम्माबद्दल लिहिलं ते खरं नव्हतं. तिनेच शपथ घातली होती. तिच्या खोकल्यातून रक्त पडतं. डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली आणि क्षय म्हणाल्या. शाळेतला तिचा बिगरीचा वर्ग सुटला. आता ती माझ्या मागच्या पडवीत, मोकळ्या हवेत असते. दूध पिते. अंडं पुढे केलं की “बेड, अत्ती” म्हणते. तिचं कानडी ‘बेड’ म्हणजे ‘नको’ आणि ‘अत्ती’ म्हणजे सासू, एवढं तुला आठवत असेल. हल्ली ती बहुतेक सगळ्याला बेड म्हणते.

मी हे लिहिते आणि मला काही वाटत नाही. जीभ भाजल्यावर दोन दिवस चव जाते ना, तसं मनाचं झालं आहे. मीठ आहे हे कळतं, खारट लागत नाही. देवाशी बोलते. तो ऐकतो असं धरून चालते.

पेल्यांचं सांगते. पंचांतले मुख्य आप्पा. तू गेलास तेव्हा गिरणीत कापडाचे साचे चालवायचे, आता साच्यांवरचे मुकादम, जॉबर, झालेत. त्यांच्या मथुराबाईंनी दुसऱ्याच महिन्यात आपल्या घरच्या पेल्यांच्या दांडीला निळा दोरा बांधला. म्हणाल्या, “डागदरच म्हनतो ना येकाचं दुसऱ्यानं घिऊ नये? मग अदलाबदल नको.” म्हणणं बिनचूक. तू लिहिलंस त्याच्यापुढचंच पाऊल ते. सोलापुरात रंगीत दोऱ्याला काय तोटा? पुढच्या प्रभुभोजनाला हिरवे आले, पिवळे आले, कुणी दोन रंग पिळून आणले. प्रत्येक घराचा रंग ठरला. तबक फिरलं की आधी दोरा बघायचा, मग हात घालायचा. पाळकसाहेब प्रार्थना करतात तेव्हा डोळे मिटायचे असतात, पण अर्धी मंडळी आपला दोरा शोधत असते.

मग आणखी एक झालं. तबक भरताना मला सूचना येऊ लागल्या. “आमचे पेले ह्या अंगाला ठेवा.” “आमचे त्यांच्याला लागून नकोत, रस सांडतो.” जात कुणी काढली नाही. तोंडातून एक शब्द नाही. पण ह्या महिन्यात तबक भरून झालं आणि मी पाहत राहिले. ज्यांचे आजे महारवाड्यातून आले त्यांचे पेले एका बाजूला, मांगवाड्यातून आले त्यांचे दुसऱ्या, आणि आमच्यासारखे दोनचार मधे. स्टेशनरोडला चहाच्या दुकानाबाहेर खिळ्यांना अडकवलेल्या कपबश्या तुला आठवतात? कोणाची कुठली ते सगळ्यांना माहीत असतं. तुझ्या अमेरिकेच्या तबकात मला ते खिळे दिसले.

ह्यात तुझा दोष नाही. तिकडे वेगळा पेला म्हणजे रोग नको, एवढंच असेल. इथं वेगळं भांडं म्हटलं की आमच्या हातांना दुसरंच आठवतं. फार जुनी सवय आहे, तिला बोलावणं लागत नाही.

तिकडची माणसं आता रविवारी घरात पडल्या पडल्या रेडिओ नावाच्या पेटीतून उपदेश ऐकतात, असं तू पाळकसाहेबांना लिहिलंस. त्यांना मोठं नवल वाटलं. मी विचार करत बसले. उपदेश पेटीतून येईल, गाणंही येईल. भाकरीचा तुकडा कोण हातावर ठेवतं? मोटार ज्याची त्याची, पेला ज्याचा त्याचा, पेटी ज्याची त्याची. सोय आहे, मी नावं ठेवत नाही. फक्त एवढी सोय झाल्यावर शेजारच्या माणसाचं काय काम उरतं, ते एकदा लिही.

आणि तिला लिही. मला नको, तिला.

केराबाई


सोलापूर, ता. ९ ऑक्टोबर १९२८

चि. हरिबा,

तुझं पत्र आलं. ‘पेले कसे चालले आहेत’ असं विचारलंस. ऑगस्टातलं माझं पत्र तोवर तुला मिळालेलं नसणार, म्हणून त्यात गौरम्माची चौकशी दोनच ओळींची आहे, असं मी तिला सांगितलं. तिने त्या दोन ओळी वाचल्या आणि म्हणाली, “अक्षर छान झालंय त्यांचं.”

पेले कसे चालले ते ऐक.

सप्टेंबरात गौरम्माला चालवत होतं. माझा हात धरून ती चर्चला आली आणि मागच्या बाकावर बसली. तिच्या पेल्याला दोरा नव्हता. आम्ही बांधलाच नव्हता. तबक तिच्याकडे आलं तर तिचा पेला त्यात नाही. मथुराबाईंनी उठून तिच्याशेजारची खिडकी दाखवली. मी तबक भरून ठेवल्यावर त्यांनी एक पेला काढून तिथं ठेवला होता, काळा दोरा बांधून. “तुझ्या जिवालाच बरं,” म्हणाल्या. त्या वाईट नाहीत, हरिबा. दर आठवड्याला दूध पाठवतात, मात्र आपलं भांडं परत नेत नाहीत.

गौरम्माने खिडकीतला पेला हातात घेतला, पाहिला, आणि परत ठेवला. मी तिला घरी आणलं. पडवीत निजवल्यावर म्हणाली, “अत्ती, मला सगळ्यांच्यात बसून एकदा घ्यायचंय. मग काय ते होऊ दे.” मी म्हटलं, “खिडकीतलं काय आणि तबकातलं काय, प्रभू एकच.” ती म्हणाली, “प्रभू तर इथं पडवीत पण येतोय रोज. मला माणसं पाहिजेत.”

तिने लग्नापासून माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. लुगडं घेताना रंगसुद्धा मीच निवडायची. आता मागितलं ते हे, आणि दिवस थोडे आहेत हे डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर नेऊन सांगितलं होतं.

म्हणून ह्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी सकाळी पेले उकळत्या पाण्यातून काढले, पुसले, शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि सगळे दोरे कापून टाकले. निळे, हिरवे, पिवळे, काळा. मला राग आलेला नव्हता. खरंच नव्हता. भाजी चिरावी तसे कापले, आणि पेले हाताला येतील तसे तबकात बसवले. वाटलं, आता कोणाचा कुठला कळायचा नाही, तेव्हा निमूट घेतील, आणि पुढच्या खेपेला गौरम्माला त्यांच्यात बसवता येईल.

माझी अक्कल किती ती! तबक पहिल्या बाकाशी गेलं. आप्पांनी दोरा शोधला, दिसला नाही. शेजारी पाहिलं. कुजबुज मागपर्यंत गेली. मग मथुराबाईंचा आवाज आला, “आनि त्या खिडकीतला कंचा?”

झालं. काळ्या दोऱ्याचा पेला ह्यांतच कुठंतरी आहे, एवढं कळल्यावर एकाने हात पुढे केला नाही. उकळले आहेत म्हणून मी सांगितलं. कोण ऐकतो? तबक एका बाकावरून दुसऱ्या बाकावर गेलं आणि भरलेलं परत आलं. फक्त मायाक्काने एक उचलला, प्यायली, आणि म्हणाली, “ग्वाड झालंय की चांगलं. प्या की रं!” कोणी प्यायलं नाही. आपल्या मंडळीत प्रभुभोजन असं परत गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ज्ञानबा पाळक वेदीपाशी तबक धरून उभे होते. ते कुठं ठेवावं हेच त्यांना सुचेना.

आप्पा बाहेर मला म्हणाले, “केराबाई, तुमी ह्ये काय करून बसला? आता वळखायचं कसं?”

मायाक्का मागून म्हणाली, “वळखून काय करनार हाईस? सोयरीक जुळवायची हाय?”

पंचांची बैठक भरायची आहे. मला बोलावलं आहे.

केराबाई


सोलापूर, ता. ६ नोव्हेंबर १९२८

चि. हरिबा,

तू पाठवलेले पेले पुन्हा भुशात घालून ठेवले आहेत. आधी ते का, ते लिहिते.

बैठकीत मला दटावलं, ते मी ऐकून घेतलं. नवे पेले मागवावेत तर सहा महिने जाणार. तोवर काय? ह्या पेल्यांना आता कोणी शिवायला तयार नाही. मग पाळकसाहेब खाली बघत म्हणाले, “तो जुना पेला आहे. गौरम्मा आजारी पडल्यापासून तो कपाटातच आहे. त्याला तिचा स्पर्श झालेला नाही.” सगळ्यांचे चेहरे निवळले. वेगळे पेले आले होते ते स्वच्छ म्हणून, आणि आता स्वच्छ म्हणून पुन्हा एकच पेला काढायचं ठरलं. मला हसू यायला हवं होतं. नुसतं कळलं की हसण्यासारखं आहे.

मी उभी राहिले आणि म्हटलं, “गौरम्मा येणार आहे.”

आप्पांनी डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. “मग पुन्यांदा त्येच की वं. तिनं घेतल्यावर आमी कसं घ्यायचं? माज्या घरात पोरंबाळं हाईत.”

त्यांचंही खरं होतं. भीती खोटी नव्हती, आणि तू डॉक्टरी शिकतोस तेव्हा तूही हेच म्हणशील. मी म्हटलं, तिला विचारून येते. आपलं घर चर्चच्या मागेच, म्हणून पंच तसेच बसून राहिले.

गौरम्मा टेकून बसली होती. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिने ऐकलं आणि म्हणाली, “एवढंच ना, अत्ती? मग मी शेवटी घेते.”

मला समजलं नाही. ती म्हणाली, “सगळ्यांचं झाल्यावर पेला माझ्याकडे द्या. त्यांना माझं उष्टं नको. मला त्यांचं चालतंय की. सून शेवटीच जेवते.”

मी परत जाऊन तेच सांगितलं. मग एका पंचाने विचारलं, “आन् पुढच्या म्हयन्याला?” त्याला वाईट बोलायचं नव्हतं, नुसता हिशेब डोक्यात आला. मी म्हटलं, “पुढच्या महिन्याचा प्रश्न नाही.” तेव्हा आप्पांनी रुमाल पुन्हा डोक्याला बांधला आणि म्हणाले, “खुर्चीवरनं आनू तिला. मी येतो.”

परवाच्या रविवारी आप्पा आणि पाळकसाहेबांनी तिला खुर्चीत बसवून आणलं. तिला आता काही वजन नाही. मागच्या बाकाशी ठेवत होते, तर मायाक्का ओरडली, “तितं न्हाय. हितं, मधी.” मधे ठेवली. लोक सरकले. दोन्हीकडे थोडी जागा राहिली, पण फार नाही.

भाकरी ज्वारीची होती, मथुराबाईंच्या घरची. पेला पाळकसाहेबांपासून सुरू झाला. दोन कान धरून एकाने प्यायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा. पाच महिन्यांत लोकांची सवय मोडली होती. मथुराबाईंच्या हातात तो मायाक्काच्या हातून आला. त्यांनी कड पुसली नाही. मी पाहत होते, म्हणून सांगते. माझ्याकडे आला, मी घेतला. असा सगळ्या बाकांवरून फिरला आणि गौरम्माकडे गेला.

हरिबा, शेवटच्या माणसाकडे पेला जातो तेव्हा त्यात तळाला चूळभर उरतं. घराघरांतून सून शेवटी बसते तेव्हा पातेल्यात जेवढं उरतं तेवढंच. त्या दिवशी तिने पेला हातात घेतला आणि तिचे हात खाली गेले. आप्पांनी खालून धरला. पेला निम्म्याच्या वर भरलेला होता. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण एकूण एक माणसाने नुसते ओठ ओले करून पुढे दिला होता. सगळ्यांनी तिच्यासाठी ठेवलं होतं.

ती आत बघत बसली. मग म्हणाली, “एवढं?”

मायाक्का म्हणाली, “पी बाय. लई हाय.”

ती सावकाश प्यायली. मधे खोकल्याची उबळ आली, थांबली, तोंड पुसून पुन्हा प्यायली. कोणी उठलं नाही. पाळकसाहेबांनी शेवटचं गीतही सुरू केलं नाही. सगळे तिचं होण्याची वाट पाहत बसले होते, पंगतीत शेवटच्या माणसाचं जेवण होईतो कोणी हात धुवायला उठत नाही तसे. तिला सगळं संपवता आलं नाही. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “बेड, अत्ती. पोट भरलं.” आणि हसली.

उरलेला रस जमिनीत ओतायचा असतो. भांडी आवरताना मी एकटी होते. पेल्याच्या तळाशी दोन घोट होते. मी ते ओतले नाहीत, प्यायले. तू रागावशील. शास्त्र तुझ्या बाजूला आहे, पंचांचा ठरावही तुझ्या बाजूला आहे, आणि गौरम्माला कळलं तर तीही तुझीच बाजू घेईल, कारण तिने एवढं जपलं ते मी मातीत घातलं. पण सुनेने सासूचं उष्टं खायचं, हे जगभर चालतं. एकदा उलटं झालं तर बघावं म्हटलं. मनुकांची चव लागली. कितीतरी दिवसांनी मला काही गोड लागलं.

तू येऊ शकत नाहीस हे मला माहीत आहे. बोटीला लागणारे दिवस तिच्याकडे नाहीत.

केराबाई


सोलापूर, ता. २८ नोव्हेंबर १९२८

चि. हरिबा,

गौरम्मा गेली. त्याला आठवडा झाला. पहाटे गिरणीचा पहिला भोंगा झाला तेव्हा होती, दुसरा झाला तेव्हा नव्हती. मी जवळ होते. काही बोलली नाही, तेव्हा तुला सांगण्यासारखं शेवटचं वाक्य माझ्यापाशी नाही. लोक विचारतात तेव्हा तिने तुझं नाव घेतलं होतं, असं मी सांगते. लोकांना बरं वाटतं. तुला खोटं सांगत नाही.

मूठमातीला सगळे आले होते. तिच्या माहेरचं कोणी उरलेलं नव्हतं, म्हणून माहेरचं लुगडं मथुराबाईंनी घातलं. खांदा द्यायला आप्पा होते.

तुझं लांब पत्र काल आलं. आजार कळल्यावर लगेच लिहिलेलं दिसतं. तिला उघड्या हवेत ठेवा, तिची भांडी निराळी ठेवा, अंथरूण नंतर जाळा, असं सगळं नीट समजावून लिहिलंस. अंथरूण डॉक्टरीणबाईंनी आधीच जाळायला लावलं. पत्रातला वेगळा घडी घातलेला कागद तिच्या नावाचा आहे. तो मी उघडला नाही. कोणाला वाचून दाखवू? तो तुझा तुला परत पाठवते.

मी रडले नाही. मंडळीतल्या बाया मला रडवायला बसल्या होत्या, अगदी मन लावून. मायाक्का म्हणाली, “राहू द्या तिला. आत साचलंय, आपल्या येळंला येईल.” माझी छाती डॉक्टरीणबाईंनी तपासली. अजून काही सांगता येत नाही म्हणाल्या, उन्हाळ्यात पुन्हा बघू. तुझ्यापासून लपवायचं नाही असं मी ठरवलं आहे.

जुना पेला चालू ठेवायचा की तुझे पेले पुन्हा काढायचे, ह्याची पंचांत चर्चा चालली आहे. मला विचारलं. मी म्हटलं, हरिबा येईल तेव्हा त्याला विचारा, तो डॉक्टर आहे. हे मी टोचून म्हटलं नाही. तुझ्या वडिलांना मूठमाती दिली तेव्हा तू जे बोललास, त्याला दहा वर्षांत कोणी उत्तर दिलं नाही, मीसुद्धा नाही. उत्तर माझ्याकडे नाहीच. तू भ्यालास त्यात काही चूक नव्हतं. तुझा बाप गेला होता.

शिक्षण पुरं कर. मग ये. घरी आलास की मी तुला वेगळं ताट मांडीन, तुझा पेला उकळून आणीन, आणि तू म्हणशील तेवढी लांब बसेन. पण जेवायला माझ्यासमोर बस.

तुझी आई,
केराबाई